‘थंय टेप घेवन कोण गेललो?’ : ताऱ्यांच्या अंतरांवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरवड्यात एकच मजकूर तीनदा आला. आधी मुंबईच्या पुतण्याकडून, मग कणकवलीच्या आत्येकडून आणि शेवटी शेजारच्याच घरातल्या नानाकाकांकडून. नानाकाका माझाच वायफाय वापरतात, म्हणजे ही थाप माझ्याच खर्चाने माझ्याकडे आली. मथळा होता, ‘ताऱ्यांच्या अंतराची महाथाप’.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, ताऱ्यांपर्यंत कोणी गेलेलं नाही, मग मोजलं कसं? दोन, पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर वर्षभरात तारे सरकलेले दिसायला हवेत, पण नक्षत्रं हजारो वर्षं जशीच्या तशी आहेत. तीन, ‘तेजस्वी तो जवळ, मंद तो लांब’ असं धरून आकडे ठोकून देतात. चार, रंग बघून आकाशगंगांची अंतरं सांगतात, म्हणजे हेही एक भविष्यच. पाच, आकडे सारखे बदलतात. सहा, विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आणि पसारा ९३०० कोटी प्रकाशवर्षं, हे चौथीतल्या पोरालाही पटणार नाही. तेव्हा आपलं पंचांगच खरं. आणि शेवटी आव्हान : एकाच वेळी दोन ठिकाणांहून काढलेले, तारा सरकलेला दिसेल असे फोटो दाखवा आणि ५१,००० रुपये घेऊन जा.

त्याखाली नानाकाकांनी स्वतःची ओळ जोडली होती : ‘थंय टेप घेवन कोण गेललो?’

मी देवगड तालुक्यात आंब्याची कलमं सांभाळतो आणि मोहोर राखायच्या रात्री सहा इंची दुर्बिणीतून आकाश बघतो. खगोलशास्त्रज्ञ नाही. पण यातल्या बऱ्याच गोष्टी पडवीतून किंवा पुळणीवरून तपासता येतात, म्हणून हा खटाटोप.

टेपचा मुद्दा आधी निकालात काढू. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये जाहीर झाली, २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर. हा आकडा सपाटीवरून, दीडशे किलोमीटरहून जास्त लांबून, फक्त कोन मोजून काढला होता. राधानाथ सिकदार यांनी ते गणित केलं. शिखरावर माणूस पोचला १९५३ मध्ये. आजची मान्य उंची ८,८४८.८६ मीटर आहे. जवळपास शंभर वर्षं कोणीही न गेलेल्या जागेची उंची नऊ मीटरच्या फरकाने बरोबर निघाली. पाया मोजायचा, दोन कोन मोजायचे, त्रिकोण पुरा करायचा. जमिनीची मोजणी करणारा माणूस नदीपलीकडच्या झाडाचं अंतर असंच काढतो आणि तिथे कोणी ‘पोहून गेला होतास का?’ असं विचारत नाही.

दुसरा मुद्दा मात्र खरोखर वजनाचा आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कल्पना नसेल, पण हाच आक्षेप टायको ब्राहेने घेतला होता. दुर्बिणीच्या आधीच्या काळातला तो सगळ्यात काटेकोर निरीक्षक. त्याचं म्हणणं असं की पृथ्वी फिरत असती तर जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांसमोर मागेपुढे झालेले दिसले असते, ते दिसत नाहीत, म्हणून पृथ्वी स्थिर. तर्क चोख होता. फक्त तारे किती लांब आहेत याचा त्याला अंदाज नव्हता.

सरकणं म्हणजे नेमकं काय, ते आम्ही मिठमुंबरीच्या किनाऱ्यावर करून बघितलं. एका संध्याकाळी शुक्र पश्चिमेला समुद्रावर खाली आला होता आणि त्याच बाजूला ओळखीतल्या एकाचा ट्रॉलर दिवा लावून नांगरावर उभा होता. पुतण्या वाळूवर एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये मोजून १५० मीटर. फोन कानाला लावून ‘आता!’ म्हटलं आणि दोघांनी एकाच क्षणी फोटो काढले. माझ्या फोटोत ट्रॉलरचा दिवा शुक्राच्या डावीकडे, त्याच्या फोटोत उजवीकडे. शुक्र इतका लांब की आम्हा दोघांना तो एकाच दिशेला, म्हणजे सरकला तो दिवाच. किती सरकला? त्याच फोनने, त्याच झूमवर पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो काढला. (चंद्र फोटोत फुगतो, एक्स्पोजर बरंच खाली आणावं लागलं. पहिल्या खेपेला आमचा चंद्र पपनसाएवढा आला होता.) चंद्रबिंब अर्ध्या अंशाचं असतं. दिवा सात चंद्रबिंबं सरकला होता, म्हणजे साडेतीन अंश. गणित केलं तर ट्रॉलर २,४५० मीटरवर येतो. तांडेलाने जीपीएस बघून सांगितलं, २,६०० मीटर. दीडशे मीटरची चूक, दोन मोबाइल आणि एका चंद्रावर. वाईट नाही.

१६७२ मध्ये कासिनी आणि रिशे या खगोलशास्त्रज्ञांनी हेच केलं. कासिनी पॅरिसमध्ये, रिशे दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला आणि ट्रॉलरच्या जागी मंगळ. त्यावरून सूर्याचं अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर निघालं. आज आपण १४ कोटी ९६ लाख म्हणतो. हल्ली ग्रहांवर रडारचे तरंग टाकून त्यांचा परतीचा वेळ मोजतात आणि चंद्रावर १९६९ पासून ठेवलेल्या आरशांवर लेझर मारतात. सूर्यमालेपुरती टेप लागलेलीच आहे, असं म्हटलं तरी चालेल.

एकदा सूर्याचं अंतर हातात आलं की पायाही मोठा मिळतो. जानेवारीत आणि जुलैमध्ये पृथ्वी कक्षेच्या दोन टोकांना असते, म्हणजे मध्ये ३० कोटी किलोमीटर. आमच्या १५० मीटरच्या जागी ३० कोटी किलोमीटर! तरीसुद्धा तारा सरकतो तो केसभरच. मधल्या जागेपासून एकेका बाजूला किती, ते असं समजा : देवगडच्या किल्ल्यावर कोणी दहा रुपयांचं नाणं धरून उभा राहिला आणि तुम्ही विजयदुर्गावरून, हवाई अंतराने सुमारे वीस किलोमीटरवरून, त्याच्याकडे बघितलंत तर ते नाणं जेवढं दिसेल तेवढा कोन. म्हणजे एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. अंश, कला, विकला हे पंचांगातलेच शब्द : साठ कलांचा अंश, साठ विकलांची कला. नुसत्या डोळ्याची ताकद साधारण एका कलेपर्यंत. टायकोला दिसणार कसं?

तेवढा कोन बेसेल या जर्मन माणसाने मोजला आणि १८३८ मध्ये जाहीर केला. तारा होता हंस नक्षत्रातला ६१ क्रमांकाचा. बेसेलचा आकडा ०.३१ विकला, आजचा ०.२८६. त्याच्या हिशेबाने तारा १०.३ प्रकाशवर्षं, आजच्या हिशेबाने ११.४. (एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.) त्याच सुमाराला स्ट्रूव्हने अभिजितचं आणि हेंडरसनने मित्र ताऱ्याचं सरकणं मोजलं. मित्र आपल्याकडून मे महिन्यात रात्री दक्षिणेला, समुद्रापासून जेमतेम तेरा अंशांवर दिसतो. अंतर ४.४ प्रकाशवर्षं.

त्यानंतर नाणं लांब लांब जात राहिलं. १९८९ मध्ये सुटलेल्या हिपार्कस उपग्रहाने लाखभर ताऱ्यांची अंतरं दिली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुटलेल्या गाया यानाने जवळपास दीडशे कोटी ताऱ्यांचं सरकणं मोजलं. त्यातल्या तेजस्वी ताऱ्यांच्या मापात चूक राहते ती फार तर चंद्रावर ठेवलेलं दहाचं नाणं दिसेल तेवढी किंवा त्याच्या दीड-दोन पट. २०२५ मध्ये गाया बंद केलं, पण त्याची सगळी मापं अजून प्रसिद्ध व्हायची आहेत.

आणि ‘नक्षत्रं जशीच्या तशी’ हेही खरं नाही. व्याध, स्वाती आणि रोहिणी या तिघांनी ग्रीकांच्या नोंदीतल्या जागा सोडल्याचं हॅलीने १७१८ मध्येच दाखवलं. स्वाती वर्षाला सव्वादोन विकलांहून थोडी जास्त सरकते. गेल्या दोन हजार वर्षांत ती अडीच चंद्रबिंबं पुढे गेली आहे. आपण बघायला होतो कुठे.

तिसऱ्या मुद्द्याला खरं तर एका ओळीत उत्तर देता येईल. रात्रीच्या आकाशात सगळ्यात तेजस्वी व्याध, ८.६ प्रकाशवर्षांवर. त्याच्या खालोखाल अगस्ती, तो तीनशेहून जास्त प्रकाशवर्षांवर. आणि सूर्यानंतर आपल्याला सगळ्यात जवळ असलेला प्रॉक्सिमा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. ‘तेजस्वी तो जवळ’ असं कोणी धरलं असतं तर हे आकडे आलेच नसते.

पण इथे थांबलो तर खरी गंमत राहून जाईल. तेजावरून अंतर काढतात हे खरंच आहे, फक्त फॉरवर्ड म्हणतो तसं नाही.

आमच्या पडवीतून देवगडच्या दीपगृहाचा झोत काजूंच्या शेंड्यांवरून फिरताना दिसतो. किनाऱ्यावर शेजारशेजारच्या दीपगृहांची लुकलुक मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. रात्री बाहेरून येणारा खलाशी दिवा किती मोठा दिसतो ते बघत नाही, दोन झोतांमधले सेकंद मोजतो आणि दीपगृह ओळखतो. एकदा दिवा कोणता ते कळलं की त्याची ताकद तक्त्यात लिहिलेलीच असते. ताकद माहीत आहे आणि डोळ्याला तो किती मंद दिसतो तेही कळतंय, मग अंतर काढायला उरलं काय? अंतर दुप्पट, तर उजेड चौथा हिस्सा. तिप्पट, तर नववा.

आकाशात अशी दीपगृहं आहेत. वृषपर्वा नक्षत्रातला डेल्टा हा तारा ५ दिवस ९ तासांनी एकदा उजळतो आणि मावळतो. गुड्रिक नावाच्या तरुणाने १७८४ मध्ये ते टिपलं. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. (आपला ‘अढळ’ ध्रुवही त्यातलाच. जागेवरून जवळपास हलत नाही, पण साधारण चार दिवसांच्या ठेक्यावर त्याचं तेज किंचित वरखाली होतं. बाळ ध्रुवाला हे कोणी सांगितलं नाही.) पण ठेका आणि ताकद यांचा तक्ता कोणाकडेच नव्हता. तो बनवला हेन्रिएटा लेव्हिटने, हार्वर्ड वेधशाळेत फोटोच्या काचा तपासत बसणाऱ्या बाईंनी. पेरूतून काढलेल्या त्या काचांवर दक्षिणेकडचा लहान मॅजेलन मेघ, म्हणजे ढगासारखा दिसणारा ताऱ्यांचा पुंजका, होता. त्यातले २५ सेफीड घेऊन १९१२ मध्ये त्यांनी दाखवलं की जेवढा ठेका संथ तेवढा तारा तेजस्वी. सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत एकच रेघ.

पण अंतरं माहीत नसताना हे कळलं कसं? विजयदुर्गाच्या बंदरात रात्री पन्नास होड्या लागल्यात असं धरा. देवगडहून बघताना त्या सगळ्या माझ्यापासून जवळपास सारख्याच लांब. त्यातला एखादा दिवा जास्त लखलखीत दिसला तर तो खरोखरच मोठा आहे, होडी जवळ आहे म्हणून नाही. लेव्हिटबाईंचा मेघ म्हणजे त्यांचं विजयदुर्ग बंदर. पुढे जवळच्या काही सेफीडांचं अंतर सरकण्यावरून मोजता आलं आणि तक्त्यातली खरी ताकद पक्की झाली. गृहीत काहीच धरलेलं नाही. एका मापावर दुसरं माप उभं आहे.

१९२३ मध्ये हबल या खगोलशास्त्रज्ञाला देवयानीतल्या धूसर ठिपक्यात असाच एक सेफीड सापडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका, म्हणजे दुसरी आकाशगंगाच, ठरला. ऑक्टोबरात अमावास्येच्या आसपास आमच्या सड्यावरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

रंगाच्या मुद्द्यावर लिहायचं तर मला आमच्याच तालुक्यातल्या एका लाडक्या फॉरवर्डवर पाणी ओतावं लागणार आहे. ज्येष्ठा लाल म्हणून लांब, राजन्य निळसर म्हणून जवळ, असं कोणी म्हणत नाही. उलट तांबूस ज्येष्ठाच दोघांत जवळ आहे. बघतात ते प्रकाशातल्या रेषा. लोलकातून प्रकाश फोडला की मूलद्रव्यागणिक ठरावीक जागी रेषा उमटतात. १८६८ च्या ग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा सापडली, पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाची नसलेली. तोच हेलियम. विजयदुर्गाला लॉकियरसाहेब (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ) ओट्यावर दुर्बीण लावून बसले आणि हेलियम सापडला, असं आपण दर ऑगस्टला अभिमानाने पुढे पाठवतो. लॉकियरने ती रेषा टिपली त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात, ग्रहण नसताना. तो विजयदुर्गाला आला खरा, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. त्याने किल्ल्याचा मान कमी होत नाही, तारीख तेवढी बदलते.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. हेलियम पृथ्वीवर हातात आला १८९५ मध्ये, रॅम्सेच्या प्रयोगशाळेत, आणि ती पिवळी रेषा बरोबर त्याच जागी होती. १५ कोटी किलोमीटरवरून वाचलेली खूण २७ वर्षांनी बाटलीत खरी ठरली. दीर्घिकांच्या प्रकाशात ह्याच ओळखीच्या रेषा सगळ्या मिळून तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात, कमी-जास्त. किती सरकल्या म्हणजे किती लांब हे प्रमाण १९२९ मध्ये हबलने सेफीडांवरून मोजलेली अंतरं समोर ठेवून मांडलं. आणि देवयानीच्या रेषा तर उलट निळ्या बाजूला सरकलेल्या आहेत, ती आपल्याकडे येते आहे. तिच्या अंतरासाठी ही पद्धत कोणी वापरतच नाही.

आकडे बदलतात. बदलतात की! हबलचं देवयानीचं अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं होतं, आज पंचवीस लाख. म्हणजे साधीसुधी नाही, घसघशीत चूक. ती सापडली बाडे या खगोलशास्त्रज्ञाला. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे बंद होते, जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेतून आकाश काळंभोर मिळालं आणि देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले. त्यातून पुढे १९५२ मध्ये त्याने सांगितलं की सेफीडांचे दोन प्रकार आहेत. ठेका सारखा, ताकद वेगळी. खलाशाच्या तक्त्यात एकाच लुकलुकीची दोन दीपगृहं असावीत आणि त्याने चुकीचं धरावं, तसं झालं होतं. तक्ता दुरुस्त झाला, अंतरं साधारण दुप्पट झाली.

फॉरवर्डमध्ये काक्षीचे (मृगातला तांबूस तारा, इंग्रजीत बेटेलज्यूज) आकडे दिलेत : ४३०, ६४०, ७२०, ५५० प्रकाशवर्षं. ते खरे आहेत, वेगवेगळ्या वर्षी आलेले. पण काक्षी मोजायला भलता अडचणीचा आहे. तो इतका अगडबंब की त्याचं बिंबच त्याच्या सरकण्याच्या कित्येक पट रुंद दिसतं. वर पृष्ठभाग आधणाच्या पाण्यासारखा उकळतो, त्यामुळे ‘मध्य’ कुठे धरायचा हेच ठरत नाही. गायाच्या डोळ्यांना तर तो फार झगझगीत. लाटेवर डोलणाऱ्या तराफ्यावरच्या मोठ्या शेकोटीचं अंतर मोजण्यासारखं आहे ते. एक काक्षी घेऊन दीडशे कोटी ताऱ्यांवर शिक्का मारायचा असेल तर प्रश्नच मिटला. चूक आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचीही आहे म्हणा. आम्ही ‘काक्षी ६४० प्रकाशवर्षं’ असं ठणकावून लिहितो आणि पुढचं ‘कमी-जास्त शंभरेक’ गाळतो.

थाप आणि माप यांतला फरक बघायचा तर एकाच गोष्टीला दोन वेगळ्या वाटांनी जाऊन बघावं. १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात एक तारा फुटला. त्याच्याभोवती आधीपासूनच वायूचं कडं होतं. स्फोटाचा उजेड कड्याच्या जवळच्या बाजूकडून आपल्याकडे आधी पोचला, लांबच्या बाजूकडून काही महिन्यांनी. त्या उशिरावरून कड्याचा खरा आकार कळला, हबल दुर्बिणीतून तो किती दिसतो ते मोजलं आणि अंतर आलं १,६८,००० प्रकाशवर्षांच्या आसपास. सेफीड नाही, सरकणं नाही. पुढे त्याच मेघातल्या, एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांवरून अंतर काढलं, ते सुमारे १,६२,००० आलं. थाप मारणारे दोघं स्वतंत्रपणे इतके जवळ येत नाहीत, ग्रुपवरचा अनुभव तरी तसा नाही.

भांडण आजही आहे. विश्व किती वेगाने फैलावतंय त्याचा एका पद्धतीने आकडा ६७ येतो, दुसरीने ७३, आणि दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या आहेत. पण ते भांडण ६७ की ७३ असं आहे, ६७ की ६७ हजार असं नाही.

वय आणि पसारा : प्रकाश वाटेत असताना वाटच लांबत गेली. निघाला तेव्हाची जागा आज ४६५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे, दोन्ही बाजूंची मिळून ९३००. चौथीतल्या पोराला फुग्यावर दोन ठिपके काढून फुगवायला द्या, त्याला पटतं.

राहता राहिलं पंचांग. पंचांग ताऱ्यांच्या दिशा सांगतं, अंतरं सांगतच नाही, तेव्हा खरं-खोटं ठरवायचं कशात? आणि बघणाऱ्याच्या जागेमुळे चंद्र सरकलेला दिसतो त्याला आपल्या ज्योतिषग्रंथांत ‘लंबन’ म्हणतात. ते धरल्याशिवाय सूर्यग्रहणाचं गणितच होत नाही. मिठमुंबरीला आम्ही जे केलं, ते लंबनच.

आता आव्हान. न्यू होरायझन्स हे यान प्लूटोच्या पलीकडे, पृथ्वीपासून जवळपास ७०० कोटी किलोमीटरवर असताना, २०२० च्या एप्रिलमध्ये त्याने प्रॉक्सिमा आणि वोल्फ ३५९ या दोन ताऱ्यांचे फोटो काढले. त्याच दिवसांत पृथ्वीवरून, प्रॉक्सिमाचा ऑस्ट्रेलियातून आणि वोल्फचा अ‍ॅरिझोनातून, फोटो घेतले गेले. शेजारी शेजारी ठेवा. मागचे सगळे तारे जागच्या जागी आणि प्रॉक्सिमा अर्ध्या कलेच्या आसपास बाजूला. गणित नको, फूटपट्टी नको, नानाकाकांच्या चष्म्यातूनही दिसतं. मी दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले. नानाकाकांनी बोटांनी मोठे करून बघितले आणि कुंपणावरून विचारलं, ‘मगे एक्कावन हजार कोणाकडे मागूचे?’

फॉरवर्ड पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही.